पाठमोरी बाई

धाकटीने पाठवलेलं चित्र थोरलीने टेबलावर उलगडलं आणि तिचं डोकंच फिरलं.

दोघी बहिणींनी एकाच दुकानात वर्षानुवर्षं शिवणकाम केलं होतं. मग एका बाहीवरून बिनसलं, धाकटीने पलीकडच्या गल्लीत वेगळं मशीन टाकलं आणि दोघींचा अबोला सुरू झाला. आता धाकटीच्या मुलीचं, म्हणजे भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. निरोप नाही, चिठ्ठी नाही, आलं ते कुठल्याशा जुन्या फॅशनच्या मासिकातलं रंगीत पान. त्यात दोन बायका. एक समोर बघणारी, दुसरी चक्क पाठ करून उभी.

"जुन्या चित्रांत उगाच काही नसतं," थोरलीचा नवरा चष्मा पुसत म्हणाला. त्याला असल्या गोष्टींत फार रस, नको तिथे तर जास्तच. "मिटलेली छत्री म्हणजे मन मिटलं. हातमोजा काढलाय, म्हणजे संबंध संपला. कुत्रा म्हणजे निष्ठा."

"आणि तो बघतोय कुणाकडे?"

"बिस्किटाकडे."

थोरलीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. लग्नाला जायचं नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मात्र चार शब्द सुनावल्याशिवाय तिला घास गोड लागणार नव्हता. पायात चपला सरकवून ती तणतणत निघाली.

धाकटीच्या खोलीत भाची स्टुलावर उभी होती. अंगात लग्नाचा झगा, समोरून अगदी चित्रातल्यासारखा.

"मला पाठ दाखवतेस काय ग?" थोरलीने चित्र पुढे धरलं.

धाकटी गोंधळली. "अगं, दोघींच्या अंगात झगा एकच, ती बाई पाठ दाखवायलाच उभी केलेली असते. मागची बाजू दिसली नाही तर शिवणाऱ्याने शिवायचं कसं? हिला हाच झगा हवाय."

इतकी साधी गोष्ट, पण रागाच्या भरात थोरलीच्या डोक्यातच आली नव्हती. तेवढ्यात भाची वळली. मागे नुसत्या टाचण्या आणि कच्चे टाके, तेही वाकडे.

"समोरचं झालं माझं," धाकटी खाली बघत म्हणाली. "पाठ मी कधी शिवलीय का, ताई? ती तूच शिवायचीस. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून चित्र पाठवलं."

थोरलीचे डोळे भरून आले. भाचीपुढे रडणं बरं दिसेना, म्हणून तिने स्टुलामागे बसकण मारली आणि ती टाचण्या उपसायला लागली.

"असं टाचायला कुणी शिकवलं ग तुला?"

"तूच."

"मग नीट नाही शिकवलं मी," थोरली म्हणाली. "ये, बस इथे माझ्याजवळ."