शिफ्टची कळ

सुलेखाने टाइपरायटरवर ‘एन’ दाबला. शिफ्टच्या कळीला मुद्दाम बोट लावलं नाही. कागदावर नरेंद्रचं नाव बारक्या अक्षरांत उमटलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला गार वाटलं.

मंडळाच्या दिवाळी पुस्तिकेचं इंग्रजी पान टाइप करायचं काम तिने मागून घेतलं होतं. सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या नावांना मोठी अक्षरं दिली. अध्यक्ष नरेंद्रला नाही. नावाला नाही, आडनावालाही नाही.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत, अमेरिकेत नेपरव्हिलला नवीन असताना, तिने याच माणसाच्या घरी नाट्यपद म्हटलं होतं. आठवडाभर तयारी करून. पद संपताच नरेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“बोअर, विथ अ कॅपिटल बी!”

सांगलीच्या शाळेत हेडमास्तर उत्तम निबंधाखाली ‘कॅपिटल!’ असा शेरा मारायचे. सुलेखाच्या कानाने तेवढाच शब्द टिपला.

“थँक्यू, भाऊजी!”

हशा पिकला. तीही मनमोकळी हसली. परतताना गाडीत इथेच जन्मलेली पुतणी वीणा हळूच म्हणाली,

“काकू, ही वॉज बीइंग मीन. कॅपिटल बी म्हणजे रिअली, रिअली बोअर.”

त्यानंतर सुलेखा चारचौघांत गायली नाही. नरेंद्रने मात्र तो किस्सा प्रत्येक पार्टीत रंगवून सांगितला.

आज हॉलमध्ये पुस्तिका वाटल्या गेल्या. नरेंद्रने पान उघडलं, तेव्हा सुलेखा समोरच उभी राहिली. त्याचा चेहरा पडलेला तिला जवळून बघायचा होता.

“वहिनी, हे तुम्ही टाइप केलं?”

“हो, मीच.”

“सगळ्यांत फक्त माझं नाव स्मॉल लेटर्समध्ये! एकदम मॉडर्न दिसतंय. थँक्यू हं!”

त्याने पान उंच धरून सगळ्यांना दाखवलं. त्या किस्स्यातला कॅपिटल बी हॉलमध्ये कुणीच विसरलं नव्हतं. आधी मंडळातली रेखा हसली, मग विनय, मग सगळेच. नरेंद्रही मनमोकळा हसला.

वीणाने तिची बाही ओढली.

“काकू, शुड वी टेल हिम?”

“सांगेल कुणीतरी,” सुलेखा म्हणाली. “गाडीत.”

आणि गायला बसत तिने पेटी पुढे ओढली.