ज्याला जिथं जायचं तिथं

"आधी खिडकीवर नाव सांगा," फाटकावरचे नत्थूजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. गिरणीतला बॉयलर फुटला होता. जखमींच्या गाड्या मागच्या दारानं सरकारी दवाखान्यात शिरल्या, आणि पुढच्या फाटकावर आता त्यांच्या घरची माणसं दाटली होती.

नत्थूजींचं काम वर्षानुवर्षं तेच. आलेल्याला कुठं जायचं ते विचारायचं, खिडकीवर नाव सांगायला पाठवायचं, आणि तो परत आला की पुन्हा न विचारता त्यानं मागितलेल्या वॉर्डाची वाट दाखवायची. खिडकीवरच्या गर्दीत माणूस भांबावतो, कुठं निघालो होतो तेच विसरतो. नत्थूजी विसरत नसत.

आज मात्र खिडकीतल्या दत्तोपंतांनी त्यांना बाजूला घेऊन बजावलं होतं, की मी 'साहेबांकडे' म्हटलं तर वॉर्डात सोडू नका, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत पाठवा. का, ते नत्थूजींना विचारावं लागलं नाही. तेव्हापासून दत्तोपंतांचा आवाज आला की त्यांचे कान त्या एका शब्दाकडे लागत. एकच आधार होता. मुलगा गणपत त्याच गिरणीत होता, पण त्याची पाळी रात्रीची.

इतक्यात सून प्रेमलता सायकलरिक्षातून उतरली. महाल भागातल्या घरून इथवर ती एकटी कधी आली नव्हती.

"मामाजी, यायनं आज पाळी बदलली होती. सकाळीच गिरणीत गेले."

नत्थूजींनी फाटकाची कडी धरली. आत पळत जावं असं वाटलं, पण फाटक सोडता येईना. "कुठं जायचं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. सहा नंबरात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, ती म्हणाली, आणि त्यांनी तिला खिडकीकडे पाठवलं.

दत्तोपंतांनी नाव ऐकलं, एकवार फाटकाकडे पाहिलं आणि विचारायला आत उठून गेले. खिडकी रिकामी राहिली. नत्थूजी पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आणू गेले, तर तो येईना.

"सहा नंबर," दत्तोपंत परत येऊन म्हणाले. "हात भाजला आहे. बोलतो आहे."

प्रेमलता धावत सुटली. नत्थूजींनी फाटकाला पाठ टेकली. त्यांना रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, कारण तिच्यामागंच एक तरुण बाई डबा घेऊन उभी होती, आणि तिनं सांगितलेलं नाव ऐकून दत्तोपंत हळूच म्हणाले, "साहेबांकडे."

"मी तं सहा नंबर म्हटलं होतं ना जी," ती नत्थूजींना म्हणाली.

वाट दाखवायला त्यांचा हात वर होईना. "चाल वं माय, मी येतो," म्हणत त्यांनी फाटक तसंच सोडलं आणि तिच्या हातातला डबा घेतला. चालता चालता तिनं विचारलं, भाजलेल्या माणसाला वरणभात चालतो ना. ते हो म्हणाले.

साहेबांच्या खोलीत ती एकटीच गेली. दार लागलं. बाहेर नत्थूजी दोन्ही हातांनी डबा धरून उभे राहिले. डबा अजून गरम होता.