फोस्काचं डांबर

मोंतेलुंगोच्या टेकडीवरून उतरणारा पांढऱ्या खडीचा रस्ता फोस्काच्या दारावरून जातो, आणि जाता जाता अर्धा तिच्या घरात शिरतो. खिडकीच्या फटीत धूळ, ऑलिव्हच्या पानांवर धूळ, चीजच्या कपाटातसुद्धा धूळ. लग्न करून नेल्लोने तिला स्कूटरवरून या घरी आणलं, तेव्हा उतरेपर्यंत नवरीचा झगा आणि नवऱ्याचा काळा कोट एका रंगाचे झाले होते. "एवढ्या रस्त्यावर डांबर घालून देतो तुला," नेल्लो म्हणाला. मेंढ्या राखणारा माणूस, डांबर आणणार कुठून? पण बोलून बसला खरा. पुढे नेल्लो गेला, आणि डांबर काही आलं नाही.

फोस्का गप्प बसणारी बाई नव्हे. दरवर्षी गावच्या संताच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी ती दोरीवरची एक चादर ओढून काढायची, कचेरीत न्यायची आणि सरपंचाच्या टेबलावर दणकून झटकायची. सरपंच बदलत गेले, चादर तीच राहिली. एका सरपंचाला दमा होता, त्याला नेमकं त्याच दिवशी सिएना शहरात काम निघायचं. आदल्या दिवशी फोस्काची चादर आणि दुसऱ्या दिवशी संताची मिरवणूक, असा आमच्या गावाचा दोन दिवसांचा उत्सवच होऊन गेला.

यंदा सरपंच झाली नोएमी. ही लहानपणी याच रस्त्याने शाळेत जायची आणि पीठ मळून आल्यासारखी पांढरी होऊन पोचायची. फोस्काला दारात पाहताच तिने हात वर केला.

"काकू, थांबा! मंजूर झालं. मे महिन्यात डांबर पडतंय."

 फोस्काचा हात उचललेलाच होता, म्हणून तिने चादर झटकली, आणि घरी आली.

घरी मुलगा होता, दुच्चो. बरीच वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टच्या एका कारखान्यात काढून, बाप गेल्यावर तो परत आला. यायला मात्र त्याला एक हिवाळा लागला, आणि तो हिवाळा फोस्काने एकटीने काढला. आल्यावर त्याने मेंढ्यांच्या गोठ्यात तीन खोल्या बांधल्या, सायकलवाल्यांसाठी. ज्यांच्या देशात गुळगुळीत रस्ते आहेत अशी शिकलीसवरलेली माणसं विमानात सायकली घालून इथे येतात, दिवसभर आमच्या चढांवर धापा टाकतात, आणि संध्याकाळी तिच्या हातचं शिळ्या पावाचं सूप ओरपत म्हणतात, "वा! गाडी नाही, हॉर्न नाही, नुसती खडी!" फोस्का त्यांना आणखी एक पळी वाढायची आणि पोराला विचारायची, "यांच्या घरी यांना आवरणारं कुणीच नाही का रे?"

डांबराची बातमी सांगितली तेव्हा दुच्चो म्हणाला, "बरं झालं, आई." आणि खाली मान घालून जेवला. तेव्हाच तिला कळायला हवं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा नेल्लोही असंच "बरं" म्हणून घरी आला होता.

शेवटी कळलं ते बारमध्ये, कॉफी पिताना. बारवाला ओर्फेओ कप पुसत म्हणाला, "मग पोराच्या खोल्यांचं काय करणार, फोस्का?"

"काय करायचंय?"

"अगं, डांबर झालं की सिएनाच्या सगळ्या गाड्या तुझ्या दारावरून. जवळची वाट ना ती! सायकलवाले जातील पलीकडच्या टेकडीने. दुच्चोने परवाच श्टुटगार्टला माझ्या भावाला फोन केला. कारखान्यात घेतील का परत, विचारत होता. तुला नाही बोलला?"

फोस्काने कॉफी तशीच ठेवली. घरी येऊन पाहते तर कपाटावरची दुच्चोची बॅग खाली आलेली, आणि पुसलेली. अख्ख्या घरात धूळ नसलेली तेवढी एकच वस्तू होती.

"बॅग कशाला पुसलीस?"

"धूळ बसली होती."

"मोठा आलास! या घरातली धूळ आजच दिसली तुला?"

"आई, तू जन्मभर जे मागितलंस ते मिळतंय. माझ्या तीन खोल्यांपायी मी त्यात खो घालू?"

"घाल की! पोटचा पोर कशाला झालास मग?"

"नाही घालणार."

बापाचाच हट्ट, दुसरं काय! म्हणजे आता तोंड उघडायचं ते तिनेच. ती दोनदा कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि दोनदा माघारी फिरली. वर्षानुवर्षं ज्या टेबलावर चादर झटकली, तिथे जाऊन कुठल्या तोंडाने म्हणायचं की नको?

मे महिना काही तिच्यासाठी थांबला नाही. रोलर आला. मागून वाफाळत्या डांबराची गाडी आली, सरपंचाचा तिरंगी पट्टा घातलेली नोएमी आली, पाद्रीबाबा आले, ओर्फेओ बाटल्या घेऊन आला. बँडवाल्यांनी गाल फुगवले. रस्त्यावर फीत बांधली होती आणि कात्री फोस्कासाठी ठेवली होती.

फोस्का आली ती एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात मटाराचं घमेलं आणि काखेत चादर घेऊन. तिने चादर रोलरच्या पुढ्यात अंथरली, वर खुर्ची मांडली, बसली, आणि मटार सोलायला लागली.

"काकू, फीत तिकडे आहे," नोएमी हळूच म्हणाली.

"दिसते मला."

"मग?"

"डांबर नको."

तुतारीवाल्याने भरून घेतलेला श्वास सोडून दिला.

"नको? अहो, आजवर किती सरपंचांच्या नाकातोंडात धूळ घातलीत तुम्ही!"

"घातली. माझी धूळ होती, मी घातली. आता मला ती परत हवी."

"पण का, काकू? काहीतरी सांगा ना!"

फोस्काने गोठ्याकडे पाहिलं. दुच्चो दारात कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता. चाक टम्म झालं तरी भरतच होता.

"पोरगा जाईल गं माझा," ती म्हणाली. "धुळीत राहता येतं, मी राहिले. रिकाम्या घरातही राहून पाहिलं एक हिवाळा. ते मला नाही जमत."

 पहिला बोलला तो डांबराच्या गाडीचा ड्रायव्हर, कारण तो आमच्या गावचा नव्हता.

"बाई, तुमचं सगळं खरं. पण माल गरम आहे. थंड झाला तर गाडीतच दगड होईल. कुठेतरी ओतायला सांगा, आणि आत्ता सांगा!"

ओर्फेओने लगेच बारपुढचं अंगण सुचवलं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पाद्रीबाबा खाकरले. म्हणाले, कबरस्तानची वाट फार वाईट आहे, पावसात खांदेकऱ्यांचे पाय सरकतात, नेल्लोलाही आपण दोनदा पाडता पाडता राहिलो. नोएमीने फोस्काकडे पाहिलं. फोस्काने एक शेंग सोलली आणि मान डोलावली.

रोलर वळला, गाडी वळली. बँडवाले वाजवायला आलेच होते, तेही वाजवत मागोमाग गेले.

रविवारी फोस्का कबरस्तानात गेली. वाट काळीभोर, गुळगुळीत. उरलेला माल आत टाकल्यामुळे डांबर थेट नेल्लोच्या कबरीच्या पायथ्याशी जाऊन थांबलं होतं. पुसायला फडकं आणलं होतं, पण दगडावर धूळच नव्हती.

"माझ्यासाठी आणणार होतास ना रे लबाडा?" ती म्हणाली. "आणलंस ते स्वतःच्या दारात!" मग तिला रडू आलं, आणि फडकं कामी आलं.

दुच्चो कुठेच गेला नाही. दर शनिवारी फोस्का घर झाडते, सायकलवाल्यांना खिडकीतून शिव्या देते, खुर्चीवर चढून कपाटाचा माथा कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढते. बॅग तेवढी सोडून. तिच्यावर आता बोटभर धूळ साचलीय, आणि फोस्का तिला कुणाला हात लावू देत नाही.