प्रूफ कोणतं, कोरं कोणतं

चष्म्याच्या दुकानातल्या पोराची पार भंबेरी उडाली होती, आणि का उडू नये? बिचारा मुलगी मागायला आला, तर होणाऱ्या सासऱ्याने नाव-गाव न विचारता समोर मखमलीचं तबकच सरकवलं. त्यात चांदीची दोन नाणी. दोन्ही लखलखीत, अगदी जुळी भावंडं.

"यातलं एक कोरं," सासरा म्हणाला. नाण्यांच्या दुकानात केस पिकवलेला माणूस तो. "म्हणजे साधंच, पण कुणाच्या हाती न गेलेलं. दुसरं प्रूफ. मुद्दाम संग्रहासाठी घडवलेलं, चकचकीत घासलेल्या ठशाने दोनदा ठोकलेलं. प्रूफ कोणतं, ओळखा. ज्याला नाणं पारखता येत नाही, त्याला मी पोरगी देत नाही."

काय हा हट्ट! पण पोराचा तिच्यावर जीव जडलेला. हात हलवत परत जाणं त्याला सोसलं नसतं. तिने फोनवर पढवून ठेवलं होतं: कडेनेच धर, मधे बोट टेकवलंस तर मेलास.

त्याने उजवं नाणं कडेने उचलून दिव्याखाली कलवलं. उजेडाचा पट्टा पंख्यासारखा गरगर फिरला. मग डावं. इथे उजेड फिरेना; चित्र दुधी आणि भोवतीची जागा नितळ. त्या नितळ जागेत, पाठीमागच्या दारात, साक्षात ती! सासऱ्याची नजर पोराच्या बोटांवर खिळलेली, म्हणून ही बिनधास्त हात नाचवत होती: उजवं, अरे उजवं!

झाली का पंचाईत? तिचं ऐकावं तर डोळे खोटे, डोळ्यांचं ऐकावं तर ती खोटी.

"डावं," तो म्हणाला.

"कशावरून?"

"यात आरशासारखं दिसतं, काका." आणि घाबरून तो खरं तेच बोलून गेला. "तुमची मुलगी मला उजवं म्हणून खुणावतेय, तेसुद्धा दिसतंय. पण चुकतंय तिचं. चष्मा लावलेला नाही तिने. तिचा नंबर मीच काढलाय, इतक्या लांबून तिला काय दिसणार!"

"अगं बाई!" दारातून आवाज आला.

सासऱ्याने मान वर केली. मुलगी नटूनथटून, डोळे बारीक करून, चौकटीला धरून उभी. 

"हिने शाळेच्या फोटोलासुद्धा चष्मा काढला नव्हता," तो म्हणाला आणि त्याने तबक बाजूला सरकवलं. "आज तुझ्यासाठी काढला. अरे, तू नाणं चुकला असतास, तरी आता नाही म्हणणारा मी कोण?"