चौथ्या स्क्रूचा फोटो

ऑपरेशन थिएटरात मला कोणी तोंडाळ म्हणतं, कोणी खडूस. बारा वर्षं मी सी-आर्म चालवते. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या आतली हाडं पडद्यावर दाखवणारं ते यंत्र. परभणीत मणक्याची ऑपरेशनं आता नवलाची राहिली नाहीत, आणि फोटो धड आला नाही तर मी सर्जनलाही तोंडावर सांगते, "सर, हा चालणार नाही." त्या दिवशी मात्र बिघडलेला फोटो माझ्याच करणीचा होता.

गंगम्मा गंगाखेडकडच्या, वय पासष्ट. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या घेऊन उतरताना शिडीवरून पडल्या आणि कमरेच्या वरचा एक मणका चेचला. डावा पाय धड उचलत नव्हता. त्या मणक्याच्या वर दोन, खाली दोन असे चार स्क्रू बसवून सळ्यांनी तो सांधायचा होता. आत नेण्याआधी सिस्टरनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या, कानातलं त्यांनी निमूट मुलीच्या हातात दिलं. गळ्यातल्या, पोटापर्यंत येणाऱ्या दोऱ्याला मात्र हात लावू देईनात. दोऱ्याला चांदीची डबी, डबीत इष्टलिंग, लिंगायतांनी जन्मभर अंगाला लावून ठेवायचं.

"बाई, मी आठ वर्साची व्हते तवा आमच्या स्वामींनी ह्ये बांधलं," त्या म्हणाल्या. "तवापासून अंगावरून उतरलं न्हाई. बाळंतपणात न्हाई, मालक गेले तवा बी न्हाई. उतरवायचं आसंल तर मला तशीच घरला न्या. लंगडी जगीन."

"आई, आसं काय करायलीस?" मुलगी शिवरंजनी रडकुंडीला आली होती.

मी पोखर्णीची, नरसिंहाच्या देवळाच्या सावलीत वाढलेली. देवाला दिलेल्या शब्दाचं वजन मला कळतं. "मावशी, ते अंगावरच राहील. जबाबदारी माझी," मी बोलून गेले. आमचे सर्जन डॉक्टर पंकज यांना सांगितलं. ते कुरकुरले, पण म्हणाले, "तू जबाबदारी घेतेस ना? मग तू बघ." मी डबी कुशीकडे सरकवली आणि चिकटपट्टीनं बसवली. भूल दिल्यावर त्यांना पालथं निजवलं तेव्हा ती पट्टी पुन्हा तपासायला हवी होती. मी तपासली नाही.

मणक्याचा स्क्रू म्हणजे भिंतीत खिळा ठोकणं नव्हे. बोटाएवढ्या जाड हाडातून तो जातो आणि त्या हाडाला लागूनच पायाकडे जाणाऱ्या नसांची नळी असते. स्क्रू किती खोल गेला ते बाजूनं काढलेल्या फोटोत दिसतं. तो आत नळीकडे घसरला का, हे मात्र पाठीवरून सरळ काढलेल्या फोटोतच कळतं. तीन स्क्रूंचे दोन्ही फोटो छान आले. चौथा, डाव्या बाजूचा खालचा. बाजूचा फोटो चांगला आला. मग मी सरळ घेतला, तर स्क्रूच्या टोकावरच रुपयाएवढा काळा ठिपका.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मला बघताक्षणी कळलं. पट्टी सुटली होती. पोट मोकळं राहावं म्हणून पेशंटच्या दोन्ही अंगांना उशा असतात. मधल्या पोकळीत डबी दोऱ्यावर लोंबत होती.

भुलीचे डॉक्टर म्हणाले, "बीपी उतरतंय, आवरा." डॉक्टर पंकज म्हणाले, "बाजूचा फोटो चांगला आहे. तीन बरोबर बसलेत, हाही बसला असेल. बंद करू."

खोटं कशाला सांगू, गप्प बसावंसं वाटलं. बोलले असते तर हात दाखवून अवलक्षण. आणि पाय गेलाच असता तरी सगळ्यांनी पडण्यालाच दोष दिला असता. माझं नाव कुठेच आलं नसतं. त्या विचाराचीच मला शिसारी आली.

"सर, ती लिंगाची डबी आहे. पट्टी सुटली, चूक माझी. पण हा फोटो बघितल्याशिवाय बंद करू नका."

डॉक्टर भडकले. "मग दोरा काप आणि काढ ती!"

"कापणार नाही. दोन मिनिटं द्या."

मी टेबलाखाली बसले, चादरीखालून हात घातला आणि डबी त्यांच्या कुशीला नेऊन दाबून धरली. किरणांत हात घालायचा नाही, हे मीच नव्या मुलींना दटावून शिकवते. "पेडल तुम्ही दाबा, सर," मी खालून म्हणाले.

पडद्यावर चित्र उमटलं. कडेला माझ्या बोटांची हाडं होती. मध्ये चौथा स्क्रू, मणक्याची मधली रेघ ओलांडून नसांच्या नळीत गेलेला.

डॉक्टरांनी स्क्रू उलटा फिरवून काढला, नवी वाट धरून पुन्हा घातला. दोन्ही फोटो पुन्हा घेतले आणि ते बरोबर आले. जखम शिवून होईपर्यंत मी हात काढला नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी गंगम्मांना पाय हलवायला सांगितलं. उजवा हलला. डाव्याकडे आम्ही सगळे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं अंगठा थरथरला आणि वर आला. शिवरंजनीनं भिंतीला टेकून डोळे मिटले. डॉक्टर जाता जाता माझ्यापाशी थांबले. "बरं झालं बोललीस," एवढंच म्हणाले.

सकाळी मी वॉर्डात गेले. गंगम्मांनी विचारलंच, "ह्ये अंगावरच व्हतं न्हवं?"

शिवरंजनी डोळ्यांनी विनवत होती, हो म्हणा.

"नाही, मावशी. मी शब्द दिला होता, पण पट्टी सुटली. दोऱ्यावर लोंबत होतं. किती वेळ, ते माहीत नाही. दिसलं तेव्हापासून शेवटपर्यंत मी हातानं तुमच्या अंगाला धरून ठेवलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. सत्तावन्न वर्षांचं व्रत माझ्या एका पट्टीपायी गेलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उजव्या हातानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "रंजने, पाणी आन. इबूत आन. पूजा राहिलीय."

लिंग स्वतःच्याच डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. त्यांच्या डाव्या हाताला सलाइन होतं, हात फळीला बांधलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"डावा हात धून ये."

"आई, दुसऱ्याच्या हातावर?" शिवरंजनी दचकलीच.

"गप. दुसऱ्याचा कसला? काल तिनंच धरलं न्हवं?"

मी हात धुऊन आले आणि खाटेशी वाकून पुढे केला. त्यांनी उजव्या हातानं डबी उघडून लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. पाण्याचे थेंब सोडले, विभूती लावली आणि पुटपुटत एकटक बघत राहिल्या. खालून थिएटरातून मला दोनदा बोलावणं आलं. माझी कंबर भरून आली होती, डोळ्यांतलं पाणी नाकावर आलं होतं आणि ते पुसायलाही मी हलले नाही.