यशोदाबाईंचा मुठीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. खारघरच्या एका फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर, ओट्याखालच्या कप्प्यात पडून असतो. माझ्या पोटात सॉसच्या पुड्या आणि प्लास्टिकचे चमचे भरलेत. बाहेरून जेवण येतं, त्याबरोबर येणारा हा कचरा. मला विचारतो कोण?

माझा जन्म श्रीरामपूरच्या बाजारातला. तेलाचा रिकामा डबा कापून एका कारागिराने मला घडवलं. झाकण पहिल्यापासून तिरकं बसतं, त्यात माझा काय दोष? यशोदाबाईंच्या आईने मला त्यांच्या लग्नात दिलं. त्यांच्या घराची रीत होती. भाताचे तांदूळ धुण्याआधी एक मूठ देवासाठी माझ्यात टाकायची आणि त्या दिवसाचा एक आशीर्वाद मोठ्याने सांगायचा. वर्षाच्या शेवटी, देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीच्या सणाला, मला चर्चमध्ये न्यायचं. तिथून तो तांदूळ गरजूंच्या घरी जायचा.

बाईंचे यजमान नवी मुंबईच्या बेलापूरला सरकारी ऑफिसात लागले आणि आम्ही इकडे आलो. बाईंची मूठ एक दिवस चुकली नाही. "प्रभू, आज नळाला पाणी आलं." "सनीचा ताप उतरला." "शेजारच्या शकिलाभाभींनी खीर पाठवली." यजमान गेले, तेव्हा चौथ्या दिवशी चूल पेटली. बाईंनी मूठ टाकली आणि म्हणाल्या, "जाताना त्यांनी मला ओळखलं, बापा." तेव्हा मला खरंच रडू आलं असतं, पण पत्र्याला कुठलं आलंय रडू!

चर्चमध्ये माझं कौतुक व्हायचं. पाळकसाहेब मला दोन्ही हातांनी उचलायचे. मी थोडा शेफारलो होतो, कबूल करतो.

मग बाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या आतल्या खोलीत पलंगाला खिळल्या. मी स्वयंपाकघरात, त्या तिकडे. त्यांनी मुलाला, सनीला, जवळ बसवून सांगितलं, "माझं एकच मागणं हाय. मूठ बंद पडू देऊ नको. माझ्यामागं तुला देवाचा हात दिसला पायजे."

"टाकतो ना आई. टेन्शन नको घेऊ," सनी म्हणाला. त्याचा अंगठा मोबाईलवर फिरतच होता.

पहिला आठवडा मुठी पडल्या. पुढे मीटिंगा, मेसेज, जिम, सोसायटीची भांडणं. भात घरी शिजेनासा झाला. आतून रोज हाक यायची, "सुनबाई, मूठ टाकली का गं?"

"हो आई, टाकली," प्रियदर्शिनी कानातला इअरफोन न काढता म्हणायची. ती वाईट नाही हो. सासूचं सगळं करते, औषधाची वेळ चुकवत नाही. पण माझ्या तळाला मुंग्या फिरायच्या आणि आत बाई समाधानाने डोळे मिटायच्या. मला बोलता येत असतं तर!

सणाच्या आदल्या संध्याकाळी सनीने माझं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. दहा मिनिटांत तांदळाची पिशवी दारात आली. त्याने तळाचे किडके दाणे झटकून ती माझ्यात ओतली, मला पुसून लख्ख केलं आणि आईपुढे नेऊन ठेवलं. "बघ आई, काठोकाठ भरला. आता प्रार्थना कर."

बाईंनी हात आत घातला. वर्षभराच्या मुठींत कधी जाड तांदूळ असतो, कधी कणी, कधी जुना. इथे वरपासून खालपर्यंत एकच लांब दाणा. त्यांचा हात थांबला. त्या रागावल्या नाहीत.

"सनी, ह्यातल्या एका मुठीचं सांग. कशासाठी टाकली होतीस?"

"सगळ्यासाठीच की आई. सगळं छान चाललंय."

"सगळं नको. एक सांग."

सनी आठवू लागला. खरंच आठवत होता बिचारा, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्याने प्रियदर्शिनीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. "एक मिनिट हं," म्हणून तो गॅलरीत गेला आणि तिथूनच कामाला लागला. बाईंनी बराच वेळ दाराकडे पाहिलं. मग हात बाहेर काढून पदराला पुसला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मला उचललं, लोकांनी स्तुती केली. मला तोंड लपवायला जागा नव्हती. घरी आल्यावर माझ्यात पहिली सॉसची पुडी पडली.

आता आतून हाक येत नाही. त्या दिवसापासून बाईंनी मुठीचं विचारलंच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मुठीचा डबा नसेल. नसू दे. पण आज जेवायला बसाल तेव्हा हातातलं ते यंत्र पालथं ठेवा आणि देवाने दिलेली एक गोष्ट नाव घेऊन सांगा. तुम्ही सांगाल, अशी फारशी आशा मला उरलेली नाही. सनी काही वाईट मुलगा नव्हता. त्याला एकच आशीर्वाद सांगायचा होता, आणि त्याची आई समोर जिवंत होती.