क्ष कुठल्या गावचा?

मी कर्णा बोलतोय! मागच्यांना ऐकू येतंय ना? सवय जात नाही हो. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं गावभर पोचवलं. लग्नातल्या आहेराची नावं, हरवलेल्या शेळीची वर्दी, निवडणुकीतल्या थापा, सगळं माझ्याच घशातून गेलं. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगायला मिळतंय, तेव्हा बोलताना जरा घाई होईल, सांभाळून घ्या.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा ठोकून, वळवून मला आकार दिला. तिथून आलो सांगलीला, गणपती पेठेतल्या दुकानात. बरेच दिवस नुसता टांगून होतो. एके दिवशी पलूसचे रामगोंडा पाटील आले. कलिंगड पाहावं तसं त्यांनी मला बोटानं टणटण वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "ह्योच द्या. आवाज खणखणीत हाय गड्याचा." त्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो.

काय दिवस होते ते! रहिमतपूरच्या लग्नापासून कृष्णाकाठच्या कुस्त्यांपर्यंत आम्ही कुठं गेलो नाही असं नाही. रामगोंडा बाभळीवर चढून मला बांधायचे, खाली बॅटरी जोडायचे आणि माइकवर बोट आपटून ओरडायचे, "हॅलो, हॅलो, टेस्टिंग! वन, टू, थ्री!" चार मी कधी ऐकलाच नाही. माझं सगळं गणित तेवढंच. म्हणून तर गणितावरूनच एवढा दंगा माझ्या तोंडून व्हावा याची मला अजून गंमत वाटते.

साल चौऱ्याहत्तर, थंडीचे दिवस. पलूसच्या शेजारच्या एका गावात हायस्कूलचं संमेलन होतं आणि वादविवादाचा विषय होता, 'दहावीला बीजगणित सक्तीचे असावे काय?' तुम्ही म्हणाल, यात तापण्यासारखं काय आहे? अहो, गाव नुसतं पेटलं होतं. जुन्या अकरावीला ज्याला बीजगणित झेपत नसे त्याला साधं अंकगणित घेऊन सुटता यायचं. बऱ्याच मुली तसंच करायच्या. आता नवी दहावी आली आणि ती वाट बंद झाली. क्ष आणि य यांच्याशी झुंजल्याशिवाय कुणालाच मॅट्रिक होता येणार नव्हतं.

सगळ्यांत जास्त तापले होते सुभेदार हंबीरराव. फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस, मिशा पिळलेल्या, शाळा समितीत वजन. त्यांची लेक विजयमाला दहावीत होती. तिला मिरजेला जाऊन नर्स व्हायचं होतं आणि त्याला मॅट्रिक पास हवं. पोरगी बाकी सगळ्यात चलाख, पण सहामाहीला बीजगणितात आपटली. हंबीररावांनी ठरवून टाकलं, की बोर्डात नापास होऊन घराण्याची शोभा करण्यापेक्षा परीक्षेचा फॉर्मच भरायचा नाही. मुलींना बीजगणितातून सूट द्यावी असा ठराव त्यांनी लिहून आणला होता. संमेलनात विजयमालेनं 'सक्ती नको' या बाजूनं बोलायचं, टाळ्या घ्यायच्या आणि त्या टाळ्यांवर ठराव मंजूर करून बोर्डाकडं धाडायचा, असा त्यांचा बेत. फॉर्मची मुदत संपत आली होती. बोर्डाचं उत्तर कधी यायचं आणि पोरीचं काय व्हायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सुभेदारांना कोण विचारणार?

मैदानात ही गर्दी! वाड्यावस्त्यांवरून बायाबापड्या आल्या होत्या. आधी धनपाल नावाचा हुशार विद्यार्थी सक्तीच्या बाजूनं बोलला. बिचाऱ्यानं पाठ करून आणलं होतं. 'बीजगणिताने बुद्धी तल्लख होते' हे वाक्य मी तीनदा ऐकवलं आणि तिन्ही वेळा पुढच्या रांगेतले लोक जांभया देत होते.

मग विजयमाला उभी राहिली. माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता, तो तिनं स्वतःच खाली ओढला. मी कुईं करून शिट्टी मारली. तिला हसू आलं आणि तिची भीती गेली.

"गुरुजनहो, मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "हा क्ष कोण? कुठल्या गावचा? कुणाचा कोण? याला नाव नाही, गाव नाही, जमीनजुमला नाही. अशा माणसाला कुणी सोयरीक तरी देईल काय? मग आम्हीच याला वर्षभर का शोधत बसायचं?"

अहाहा! हशा असा उसळला की बाभळीवरच्या साळुंक्या उडाल्या. हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. गणिताचे जोतीराम सर खुर्चीत मान खाली घालून बसले होते. सर मनानं चांगले, पण शिकवताना तोंड फळ्याकडं आणि पाठ पोरांकडं. मी शाळेतली प्रार्थना ऐकवायला जायचो तेव्हा पाहिलं होतं.

तेवढ्यात एक बाई गर्दीतून वाट काढत धापा टाकत स्टेजजवळ आली. लांबच्या मळ्यातली होती, अंबूबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. रामगोंडांना म्हणाली, "दादा, जरा भोंग्यावरनं आमच्या घरच्यास्नी बलवा की! म्हस व्यायला झालीया, आन लय अडलीया."

"नाव काय त्येंचं?" रामगोंडांनी विचारलं.

"अगं बया! नाव कसं घिऊ?" बाईनं पदर तोंडाशी नेला.

"आवं वैनी, नावाबिगार कुणाला हाका मारू?"

बाई तशीच उभी. म्हैस तिकडं अडलेली, नवरा इथंच कुठं तरी गर्दीत बसलेला, आणि ही काही नाव घेईना. बायका पदराआड हसायला लागल्या. भाषण तर थांबलंच होतं. विजयमाला माइक सोडून खाली वाकली. माइक चालूच होता, त्यामुळं पुढचं सगळं मी गावाला ऐकवलं.

"काकू, कुणाच्या घरातल्या तुमी?"

"नाथाजी माळ्याची सून मी."

"मामांना तीन ल्योक. ज्योतिबा थोरला, मग ज्ञानू, मग अर्जुना. तुमचं कोन त्यातलं?"

"अर्जुना माझा धाकटा दीर."

"म्हंजी अर्जुना न्हवं. ऱ्हायलं दोन." विजयमालेनं डोळे बारीक केले. "अजून कायतरी सांगा की. एवढ्यावर न्हाई कळत."

"मला थोरली जाऊ हाय की! लय कडक हाय बाई."

"थोरली जाऊ हाय, म्हंजी ज्योतिबा बी न्हवं." विजयमाला ताडकन उभी राहिली आणि माइकमध्ये ओरडली, "ज्ञानू नाथाजी माळी! आसाल तिथनं घराकडं चला, म्हस अडलीया!"

पार मागं, बोरीखाली बसलेला एक माणूस धोतर झटकत उठला. काय त्या टाळ्या! अंबूबाईनं लाजून पदरात तोंड लपवलं आणि त्याच्या मागनं पळाली.

आणि जोतीराम सर? ते खुर्चीवरून असे उठले की खुर्ची उलटी झाली. "विजयमाला! अगं, आत्ता काय केलंस तू? नाव ठाऊक नाही, तरी त्याच्याबद्दल बोललीस. एका गोष्टीवरून भागलं नाही, म्हणून दुसरी मागितलीस. दोन्ही जुळवून नाव काढलंस. हेच ते समीकरण! क्ष म्हणजे अंबूबाईचा नवरा!"

 मग बायकांच्या बाजूनं जो कल्ला झाला! "व्हय की गं!" "आमी तर जल्मभर ह्येच करतोय!" कुणी नुसतं 'आमचं मानूस' म्हणायची, कुणी 'धाकटीचा बाप'. नाव एकीनंही कधी घेतलं नव्हतं आणि कुणाविषयी बोलतोय हे मात्र प्रत्येकीला पक्कं ठाऊक. मी तर नुसता घुमत होतो. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, खरं सांगतो!

विजयमाला माइकपाशी आली. तिचा आवाज बदलला होता. "सर, मग वर्गात असं का न्हाई सांगितलं?"

जोतीराम सर उलटी खुर्ची उचलत म्हणाले, "मला तरी कुणी असं सांगितलं होतं, पोरी?"

"मी सक्ती नको म्हणायला उभी राहिले होते," ती सभेकडं वळून म्हणाली. "आता मला ठाऊक नाही. सक्ती करायचीच असेल तर आधी नीट शिकवण्याची करा. आबा, ठराव राहू द्या. मला परीक्षेला बसू द्या."

हंबीरराव उभे राहिले. त्यांना माइक लागत नसे. "मोर्चा सोडून आलीस? एक म्हस काय व्याली, तू बीजगणितात पास व्हनार? आन बोर्डात नापास झालीस तर गावात तोंड कुठं दाखवू? फॉर्म भरायचा न्हाई. हुकूम म्हंजी हुकूम!"

विजयमालेच्या डोळ्यांत पाणी आलं.  मला वाटलं, संपलं सगळं.

बायकांतून राहीबाई उठल्या, विजयमालेची आई. या बाईचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या सरळ स्टेजवर चढल्या. रामगोंडांनी घाबरून माइक त्यांच्यासमोर धरला. राहीबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या,

"क्ष म्हंजी कोन, ह्येचा लागला पत्ता,
हंबीररावांचं नाव घेते, फॉर्म भरा आता!"

मी त्या दोन्ही ओळी ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत पोचवल्या! लग्नातल्या उखाण्यानंतर त्या माउलीनं नवऱ्याचं नाव पहिल्यांदाच उच्चारलं होतं, तेही भर सभेत. बायको नाव घेऊन मागते आणि गाव ऐकतंय, आता नाही कसं म्हणणार? सुभेदार लाल झाले, खाकरले, खाली पाहत म्हणाले, "बरं, भरू." तेवढंच. पण गावानं त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

त्या दिवसापासून जोतीराम सरांनी पाठ फळ्याकडं केली. दीर, जाऊ, साडू, व्याही, सगळं गोत वर्गात आणलं. विजयमाला पहाटेपासून गणितं घेऊन बसायची.

निकालाच्या दिवशी हंबीरराव सायकल दामटत पलूसला आले. मला घेऊन गेले, तालमीच्या छपरावर बांधायला लावलं आणि माइक स्वतः हातात घेतला. कवायतीच्या मैदानावर शेकड्यांनी माणसं हलवणारा तो आवाज! "माझी... माझी विजू..." पुढं शब्दच फुटेना. नुसता त्यांचा श्वास मी गावभर ऐकवत राहिलो. लोक घराबाहेर आले आणि समजायचं ते समजले. काठावर पास झाली होती, पण पास!

एवढं सांगून थांबलो असतो तर तुम्ही खूश होऊन घरी गेला असता. पण कर्ण्याला अर्धं सांगता येत नाही. रामगोंडांची पुतणी गुणमाला त्याच वर्गात होती. मराठीत पहिली यायची. तिला काही ते दीर-जावांचं गणित लागू पडलं नाही. सर उशिरा वळले होते, परीक्षा तोंडावर होती आणि सगळ्यांना काही ते पुरलं नाही. बाकी सगळ्या विषयांत पास, एका बीजगणितात नापास. म्हणजे नापासच. त्याच उन्हाळ्यात तिला कृष्णेपलीकडं दिली.

आज एकोणऐंशी साल चाललंय. ट्रकवरून पडून माझ्या पत्र्याला पोचा आला, तार तुटली. रामगोंडांनी नवे कर्णे घेतले आणि मला गोठ्यात टांगलं. एक कोंबडी माझ्या तोंडात बसून अंडी घालते. तिचं ओरडणं तेवढं माझ्यातून जरा मोठ्यानं येतं, तीच काय ती नोकरी.

पण गेल्या महिन्यापासून माझ्या अंगात पुन्हा वीज आलीय! गुणमाला माहेरी आलीय, कडेवर लेकरू आणि पिशवीत बीजगणिताचं पुस्तक. तिच्या सासरच्या गावात बालवाडी निघतेय. बाई हवी आहे, मॅट्रिक पास. म्हणून ती बाहेरून परीक्षेला बसणार आहे. गोठ्यात सावली असते, तिथंच ती अभ्यासाला बसते. मिरजेहून सुट्टीवर आली की विजयमाला तिला शिकवायला येते. नर्सबाई झालीय आता. आणि दोघी जीवाभावाच्या मैत्रिणी माझ्याखाली बसून जे भांडतात!

"अगं, क्ष येत नसता तर मी औषधाचं माप चुकले असते. मानूस मेलं असतं," विजयमाला म्हणते. "सक्ती पायजेच."

"तुला लागतंय, तू शिक की! बालवाडीत मी कुठल्या पोराला क्ष शिकवू? त्येस्नी शेंबूड पुसाय येत न्हाई. चार वर्सं झाली, ह्या एका अक्षरानं माझं दार अडवून धरलंय." एवढं बोलून गुणमाला पुन्हा तेच गणित मांडायला घेते. मांडीवरचं पोर तिचा खडू खातं.

यातलं कुणाचं खरं? मला विचाराल तर मला दोघींचंही पटतं. जी बोलते तिच्या बाजूचा मी होतो, कर्ण्याचा स्वभावच तो. पण हे भांडण गोठ्यात राहायच्या लायकीचं नाही हो! सक्ती असावी की नसावी हे ठरवणाऱ्या मोठमोठ्या माणसांच्या सभेत धनपालसारखी पाठ केलेली भाषणं पुष्कळ होत असतील. या दोघींना तिथं कुणी बोलावत नाही.

म्हणून माझं एक ऐका. माझा पोचा राहू द्या, गंज राहू द्या, कोंबडीला मी समजावतो. फक्त माझी तार तेवढी कुणीतरी जोडा. बोलायला गुणमाला तयार आहे.